पुरात बुडालेल्या बुझीचा नकाशा काढताना

१७ मार्च २०१९, रविवार. दुपारी मावसभावाचा मेसेज आला, "ताई, लॅपटॉप घेऊन बस आणि मला दोन तास दे", खाली एक लिंक. तो जीआयएसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकाशांचं काम करतो, मी अकाउंट्समध्ये. नकाशाशी माझा संबंध म्हणजे पत्ता शोधण्यापुरता. फोन केला तर म्हणाला मोझांबिकमध्ये चक्रीवादळ झालंय, बातमी बघितलीस ना, तिथला नकाशा करायचाय, माणसं कमी पडतायत. मी म्हटलं अरे मला यातलं काही म्हणजे काहीच येत नाही. तर म्हणाला, "येत नाही म्हणूनच आज बस, उद्या येईल."

त्यानंतरचे आठ आठवडे कसे गेले ते सगळं लिहून ठेवतेय. सुरुवातीला मला जे कोणी सांगितलं नव्हतं ते पुढच्याला तरी आधी कळावं म्हणून.

झालं होतं असं की इडाई नावाचं चक्रीवादळ १४ मार्चच्या रात्री बेइरा शहराजवळ किनाऱ्यावर धडकलं. बेइरा म्हणजे पाच लाखांच्या आसपास वस्तीचं बंदर. वाऱ्यानं शहराचं जे नुकसान केलं ते केलंच, पण खरं संकट मागून आलं. पुंग्वे आणि बुझी या दोन नद्या फुगल्या, किनाऱ्याजवळची सगळी जमीन सपाट, पाणी पसरत गेलं आणि जिथे शेतं आणि वस्त्या होत्या तिथे समुद्रासारखं पाणी दिसायला लागलं. लोक छपरांवर आणि झाडांवर अडकलेले. वीज नाही, फोन नाही, बेइराकडे जाणारा मुख्य रस्ता तुटलेला.

भाऊ म्हणाला, "ताई, तिथे थोड्या बोटी आहेत, थोडी हेलिकॉप्टर आहेत, पण जायचं कुठे? नकाशा उघडून बघ." मी ओपनस्ट्रीटमॅप उघडलं, म्हणजे जगभरच्या लोकांनी मिळून काढलेला, सगळ्यांना खुला असलेला नकाशा. बेइरा शहर बऱ्यापैकी भरलेलं होतं, गल्ल्या, रस्ते. मग खाली बुझी नदीच्या कडेनं आत सरकत गेले तर एक निळी रेघ, एक रस्ता, आणि बाकी सगळं कोरं. मग त्यानं सांगितल्याप्रमाणे मागची सॅटेलाइट इमेज चालू केली आणि त्याच कोऱ्या जागेत झोपड्याच झोपड्या. शेतांमधून गेलेल्या पायवाटा, अंगणं, झाडांखाली छपरं. मी काही वेळ नुसतीच बघत बसले.

हा मुद्दा मला त्या दिवशी कळला आणि पुढे सगळं काम यावरच चाललं. उपग्रहावरून पाणी कुठपर्यंत आलंय ते काढता येतं. मग ते पाणी घरांच्या थरावर ठेवायचं, किती घरं पाण्यात आहेत ते मोजायचं, आणि त्यावरून ठरवायचं की बोट आधी कुठे, तंबू किती, पिण्याचं पाणी किती. पण घरांचा थरच रिकामा असेल तर उत्तर शून्य येतं. कॉम्प्युटर असं म्हणत नाही की मला माहीत नाही, तो म्हणतो शून्य. आणि मग कोऱ्या जागेकडे बघणाऱ्याला वाटतं की तिथे कोणी राहतच नाही.

तर पहिला दिवस. ओपनस्ट्रीटमॅपवर खातं काढायला पाच मिनिटं पुरतात पण व्हेरिफिकेशनचा मेल येईना, पाऊण तास वाट बघितली, शेवटी स्पॅममध्ये सापडला. आधी स्पॅम बघा. खातं काढताना काही अटींना हो म्हणावं लागतं, नुसती टिक करून पुढे जाऊ नका, वाचा. त्यात मुख्य गोष्ट ही की इथे आपण जे काढू ते सगळ्या जगाला खुल्या लायसन्सखाली मिळतं, आणि म्हणूनच दुसऱ्या कुठल्या नकाशावरून बघून इथे काही उतरवायचं नाही, अगदी गावाचं नावसुद्धा नाही. ज्या इमेजरीवरून ट्रेस करायची परवानगी आहे तीच एडिटरमध्ये दिलेली असते, तीच वापरायची. घाईत असलेला माणूस इथेच चुकतो, दुसरीकडे नाव दिसलं की उचलून टाकतो, आणि मग ते सगळं शोधून काढून टाकायचं काम कोणाच्या तरी डोक्यावर येतं.

त्यानंतर टास्किंग मॅनेजर. ही साइट ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीमची, लोक नुसतं हॉट म्हणतात. २०१० च्या जानेवारीत हैतीत भूकंप झाला तेव्हा जगभरच्या लोकांनी घरी बसून तिथल्या राजधानीचा नकाशा भरला होता, त्यातून ही संघटना उभी राहिली. काम असं असतं की मोठा भाग छोट्या छोट्या चौकोनांत तोडलेला, तुम्ही एक चौकोन घ्यायचा, तो तुमच्या नावानं लॉक होतो, दोन तासांत काम करून सोडायचा, नाही सोडला तर आपोआप सुटतो. दोन माणसं एकाच जागी एकमेकांच्या रेघांवर रेघा मारू नयेत म्हणून हे.

मी पहिल्यांदा ज्या प्रोजेक्टवर क्लिक केलं तिथे प्रवेशच मिळेना. तो अनुभवी लोकांसाठी होता. तेव्हा तिथे लेव्हल असायची, तुमचे चेंजसेट म्हणजे किती वेळा तुम्ही बदल सेव्ह केलेत ते मोजायचे, २५० झाले की मधली लेव्हल, ५०० झाले की वरची. माझा आकडा शून्य. थोडं वाईट वाटलं, माणसं पाण्यात आहेत आणि मला दार बंद. नंतर मी स्वतः केलेली कामं बघितल्यावर पटलं की हे बरोबरच आहे. नवीन असाल तर बिगिनर लिहिलेला प्रोजेक्ट घ्या आणि सूचनांचं पान पूर्ण वाचा. सूचना इंग्रजीत असतात, जड नसतात, पण प्रत्येक प्रोजेक्टच्या वेगळ्या असतात. एकात फक्त इमारती, एकात फक्त रस्ते, एकात वस्तीची हद्द काढा.

माझा पहिला चौकोन बुझी नदीच्या दक्षिणेला होता. अजून डोळ्यासमोर आहे. मधोमध एका मोठ्या झाडाशेजारी पाच गोल झोपड्या, जवळजवळ वर्तुळात, मधलं अंगण इतकं स्वच्छ झाडलेलं की इमेजमध्ये पांढरट चकाकत होतं. चार झोपड्या मोठ्या, एक अगदी छोटी, बहुतेक धान्याची. अंगणातून एक पायवाट निघून नदीकडे गेलेली, मध्ये एका ठिकाणी ती दुभंगून पुन्हा एक होते, बहुतेक तिथे चिखल होत असेल म्हणून लोक बाजूनं जात असतील. इतकं दिसतं. आणि ही इमेज पुराच्या आधीची, कधीची ते मला नक्की कळलं नाही, पण पुराच्या आधीची. मी त्या पाच झोपड्यांवर पाच वर्तुळं काढली आणि प्रत्येकाला बिल्डिंगचा टॅग, म्हणजे ही इमारत आहे अशी खूण, दिली. साधं काम, पण हात थरथरत होते, कारण आत्ता त्या अंगणात किती पाणी असेल हाच विचार डोक्यात.

मी भावाला विचारलंसुद्धा, की अरे ही घरं आता नसतील तर काढून काय उपयोग. तो म्हणाला, "ताई, घर वाहून गेलं असेल पण माणसं तिथलीच आहेत ना. तिथे किती जण राहत होते हे कळल्याशिवाय किती जणांना शोधायचं ते कसं कळणार?" पुन्हा मी हा प्रश्न विचारला नाही.

त्या रात्री एक चूक झाली. मी ब्राउझरच्या प्रायव्हेट विंडोमध्ये काम करत होते, लॅपटॉप हँग झाला, आणि साठ-पासष्ट झोपड्या गेल्या. साध्या विंडोमध्ये एडिटर अर्धवट काम लक्षात ठेवतो आणि पुन्हा उघडल्यावर विचारतो, प्रायव्हेट विंडोमध्ये सगळं पुसलं जातं. तेव्हा साध्या विंडोमध्ये काम करा आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी सेव्ह करा. सेव्ह करताना चेंजसेटची कॉमेंट मागतात, त्यात प्रोजेक्टचा हॅशटॅग आपोआप आलेला असतो, तो खोडू नका, त्याच्यापुढे एका ओळीत काय केलं ते लिहा. आणि चौकोन पूर्ण झाला नाही तर पूर्ण झाला म्हणू नका, अर्धा सोडलाय असं लिहून सोडा, दुसरा कोणीतरी घेतो. अर्धा चौकोन पूर्ण म्हणून सोडला तर उरलेल्या अर्ध्यात पुन्हा शून्यच दिसतं, आणि त्या शून्यासाठीच तर आपण बसलोय.

पहिला आठवडा रोज ऑफिसमधून आल्यावर नऊ ते बारा. शॉर्टकट पाठ झाले. आयडी नावाच्या त्या एडिटरमध्ये ३ दाबलं की एरिया काढता येतो, चौकोनी घराचे कोपरे सरळ करायला क्यू, गोल झोपडीला गोल करायला ओ. हे दोन जमले की वेग एकदम वाढतो, कॉपी-पेस्टही चालतं पण प्रत्येक झोपडी सारख्या आकाराची नसते, आळस करू नका. माझा वेग तासाला चाळीस झोपड्यांवरून दीडशेवर गेला. आणि तिथेच घात झाला.

२३ तारखेला शनिवारी सकाळी बघते तर माझे चार चौकोन परत आलेले. आपण काम केलं की दुसरा अनुभवी मॅपर ते तपासतो, आपलं आपल्याला तपासता येत नाही, बरोबर असेल तर चौकोन हिरवा होतो, नसेल तर परत. त्यानं लिहिलं होतं की तुझ्या झोपड्यांमधली बरीच झुडपं आहेत, सावल्या बघ. इतकंच. मला खरंच रडू आलं, आठवडाभर झोप मोडून केलेलं काम. पण झूम करून बघितलं तर त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं. झोपडीची सावली एका बाजूला पडते आणि तिची कड स्वच्छ असते, छपराचा टोकदार भाग सावलीतही दिसतो. झुडपाची सावली फाटकी, कड विस्कटलेली. वाळवीची मोठी वारुळं असतात तिथे, त्यांच्यावर झाडी उगवलेली, ती वरून गोल दिसतात आणि नेमकी फसवतात. शिवाय खरं घर असेल तर त्याच्याभोवती झाडलेली जमीन असते आणि त्याच्याकडे जाणारी एक तरी पायवाट असते. पायवाट नसलेलं घर दिसलं की थांबा. चारही चौकोन पुन्हा केले, एकशे दहा आकार पुसले. नसलेल्या घरापाशी बोट पाठवणं म्हणजे असलेल्या घराची बोट पळवणं, हे तेव्हा मनात बसलं. त्यानंतर मी वेग मोजणं बंद केलं.

रस्त्यांचं काम याहून जास्त डोकं खाणारं आहे. एकतर टॅग. अनक्लासिफाइड म्हणजे माहीत नसलेला रस्ता असं मला वाटलं होतं आणि मी सगळ्या पायवाटांना तोच टॅग दिला. त्याचा खरा अर्थ गावं जोडणारा लहान रस्ता. शेतात जाणारी गाडीवाट म्हणजे ट्रॅक, फक्त माणूस चालेल ती वाट म्हणजे पाथ. आता विचार करा, मदतीचा ट्रक माझ्या नकाशाच्या भरवशावर पायवाटेला लागला असता तर? दुसरं म्हणजे जोडणी. दोन रस्ते स्क्रीनवर चिकटलेले दिसतात पण त्यांचा बिंदू एक नसेल तर रूट काढणाऱ्या अ‍ॅपच्या लेखी ते जोडलेले नसतात, ते गाडीला चाळीस किलोमीटरचा वळसा सांगतं. आणि पूल. नदी ओलांडणारी रेघ दिसली तर तिथे पूल आहे का, की फक्त उन्हाळ्यात ओलांडायची जागा आहे, ते इमेजमध्ये पाणी कमी असताना बघून ठरवावं लागतं. नाहीच कळलं तर पूल म्हणू नका.

एक गोष्ट मी करायला निघाले होते आणि भावानं वेळेत अडवलं. १९ मार्चच्या उपग्रहाच्या इमेजमध्ये पुराचं पाणी स्पष्ट दिसलं, ती सगळीकडे फिरत होती, बेइराच्या मागे प्रचंड तळं झालेलं. मी ते तळं ओपनस्ट्रीटमॅपवर काढायला घेतलं. "ताई थांब, हे इथे नाही!" तर कारण असं की तो नकाशा कायमच्या गोष्टींचा. पूर ओसरतो, आणि आपण काढलेलं तळं मात्र वर्षानुवर्षं तिथे राहतं. पुराचं पाणी वेगळ्या फाइलमध्ये, तारखेसकट ठेवतात, युरोपच्या कोपर्निकससारख्या उपग्रह-यंत्रणा ते काढून देतात. तसंच पाण्याखाली गेलेले रस्ते आणि घरं पुसायचीही नाहीत. जोवर तिथला माणूस सांगत नाही की हे आता नाही, तोवर आपण लांबून पुसायचं नाही.

आणि नावं. ही आपल्या हातात नसलेली गोष्ट. आकाशातून घर दिसतं, रस्ता दिसतो, गावाचं नाव दिसत नाही. वायरलेसवर बोलणारा माणूस गावाचं नाव सांगतो, अक्षांश-रेखांश नाही. पन्नास झोपड्यांची वस्ती मी नीट काढली तरी तिला नाव नसेल तर अर्धं काम राहिलंच. ते तिथलेच लोक भरू शकतात. मी ती पाच झोपड्यांची जागा बुकमार्क करून ठेवली होती, तिलाही नाव नव्हतं.

या सगळ्याचा खर्च? साइट, एडिटर, सॉफ्टवेअर सगळं फुकट. मी एक वायरचा माऊस घेतला आणि तो पहिल्याच दिवशी घ्यायला हवा होता, टचपॅडवर चार दिवस काढल्यानं मनगट सुजलं, दोन दिवस पट्टी बांधून बसले. इंटरनेटचा डेटा मात्र खूप जातो, इमेजरी सारखी लोड होत राहते, महिन्याचा प्लॅन दोनदा वाढवावा लागला. वेळ मी एका वहीत लिहीत गेले, आठ आठवड्यांचे मिळून एकशे तीन तास भरले. यातले निदान वीस तास पुसण्यात आणि पुन्हा करण्यात गेले.

वाट बघायलाही लागते, त्याची तयारी ठेवा. एका ठिकाणी जुनी इमेज आणि नवी इमेज एकमेकींवर बसत नव्हती, सगळी घरं दहा-बारा मीटर सरकलेली, मी प्रोजेक्ट चालवणाऱ्यांना विचारलं, उत्तर यायला सहा दिवस लागले. तोवर काय करायचं हे नंतर कळलं, आधीपासून काढलेला आणि लोकांनी जाता-येता जीपीएसनं नोंदलेल्या रेघांशी जुळणारा रस्ता बघायचा आणि इमेज त्यावर सरकवून घ्यायची, रस्ता हलवायचा नाही. आणि इमेजवर ढग असतील तर अंदाजानं काहीही काढू नका, बॅड इमेजरीचं बटण असतं, ते दाबा, त्यात कमीपणा नाही.

२७ मार्चला बेइरात कॉलरा जाहीर झाला आणि कामाची दिशा बदलली. आता सुटका करण्यासाठी नाही तर लस आणि स्वच्छ पाणी पोचवण्यासाठी घरं हवी होती. ३ एप्रिलपासून तोंडावाटे द्यायच्या लसीची मोहीम सुरू झाली, नऊ लाखांच्या आसपास डोस. अशा मोहिमेत प्रत्येक टीमला गल्ल्या वाटून द्याव्या लागतात, कुठली गल्ली राहिली ते रोज संध्याकाळी बघावं लागतं, आणि तिथे आमची ही घरं कामी येतात. शहरातल्या दाट वस्त्या मी पहिल्यांदाच करत होते. छपराला छप्पर चिकटलेलं, पत्रा कुठे संपतो आणि शेजारच्याचा कुठे सुरू होतो ते कळत नाही. इथे मी आयडी सोडून जोसम शिकले. हे कॉम्प्युटरवर इन्स्टॉल करायचं सॉफ्टवेअर, तेव्हा आधी जावा नावाचं दुसरं सॉफ्टवेअर टाकावं लागायचं, पहिली संध्याकाळ सेटिंग करण्यातच गेली, पण इमारती काढायचं त्याचं प्लगइन वापरलं की एका बाजूवर रेघ ओढायची आणि रुंदी द्यायची, घर तयार. शिवाय अपलोडच्या आधी ते स्वतःच चुका दाखवतं, हे घर त्या घरावर चढलंय, हा रस्ता जोडलेला नाही. महिना झाला की याच्याकडे वळा, आधी नको, घाबरायला होतं.

एप्रिलच्या मध्याला भाऊ म्हणाला, आता पाणी कसं काढतात ते पण बघ, नुसती घरं किती दिवस काढणार. तर हा भाग जरा तांत्रिक आहे, पण मला सगळ्यात जास्त आवडलेला. पुराच्या दिवसांत आकाश ढगांनी भरलेलं असतं, साधा कॅमेरा उपयोगाचा नाही. म्हणून सेंटिनेल-१ या उपग्रहाचा रडार. तो ढगांतून आणि रात्रीही बघतो. सिग्नल तिरपा खाली येतो, जमीन, झाडं, घरं खडबडीत म्हणून थोडा सिग्नल मागे फिरतो, शांत पाणी मात्र तो आरशासारखा पुढे उडवून लावतं, परत काही येत नाही, म्हणून पाणी काळं दिसतं. पुराच्या आधीची एक इमेज, पुरातली एक, दोन्ही शेजारी ठेवल्या की नव्यानं काळं झालेलं ते पुराचं. दोन्ही इमेज एकाच कक्षेतल्या घ्या, नाहीतर कोन बदलतो आणि फरक भलताच दिसतो.

फाइल फुकट, फक्त खातं काढावं लागतं, पण एक एक फाइल जवळपास एक जीबीची. माझी पहिली डाउनलोड तीनदा तुटली, रात्रभर लावून सकाळी मिळाली. स्नॅप नावाचं सॉफ्टवेअर युरोपियन स्पेस एजन्सीचं, तेही फुकट, पण चार जीबी रॅमवर ते गुदमरतं. आधी हवा तेवढाच भाग कापून घ्या आणि मग पुढच्या पायऱ्या करा, कॅलिब्रेशन म्हणजे सिग्नलचे आकडे प्रमाणात आणणं, मग ठिपके कमी करायचा फिल्टर, मग टेरेन करेक्शन म्हणजे इमेज जमिनीवरच्या खऱ्या जागी बसवणं. मी पूर्ण इमेजवर चालवलं आणि दोन संध्याकाळी बारा टक्क्यांवर अडकून गेल्या. पुढे क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये आणल्यावर बुझी गावाचा बिंदू टाकला तर तो थेट सुदानच्या वाळवंटात, कारण बुझी विषुववृत्ताच्या दक्षिणेला, अक्षांश उणे १९.९, आणि मी उणे चिन्ह विसरले. नकाशावर ही चूक लगेच दिसते म्हणून बरं. न दिसणारी चूक वेगळी आहे. कोणी १९ अंश ५० मिनिटं सांगितलं आणि तुम्ही १९.५० लिहिलंत तर खरं उत्तर १९.८३ आहे, म्हणजे तुम्ही ३५ किलोमीटरहून जास्त चुकलात, आणि बिंदू जमिनीवरच पडल्यामुळे कोणालाही संशय येत नाही. फोनवर कोऑर्डिनेट घेताना आधी विचारा, दशांश की मिनिटं.

रडारवर सगळं काळं म्हणजे पाणी असंही नाही, सपाट वाळू आणि विमानाची धावपट्टीसुद्धा काळी येते. आणि उलट, झाडांमध्ये घुसलेलं पाणी उजळ दिसतं, कारण सिग्नल पाण्यावरून खोडावर आणि खोडावरून परत येतो. म्हणजे झाडीतली वस्ती पाण्यात असूनही कोरडी वाटू शकते. त्या इमेजचा एक पिक्सेल दहा मीटरचा, माझी झोपडी पाच-सहा मीटरची, ती त्यात दिसतच नाही. रडारला पाणी कळतं, घर कळत नाही, आमच्या नकाशाला घर कळतं, पाणी कळत नाही. माझा पाण्याचा थर मी फक्त शिकायला केला, कुठेही दिला नाही, आणि नवशिक्यानं देऊही नये. पण रात्री अकराला तो निळा थर घरांवर ठेवला आणि माझ्या बुकमार्कपाशी गेले. पाचही झोपड्या निळ्यात. अंगण, पायवाट, ती दुभंगलेली जागा, सगळं. मी लॅपटॉप बंद केला आणि दोन दिवस उघडला नाही.

हेही सांगायला हवं. दूर बसून काम करतो म्हणून मनाला लागत नाही असं नाही. मला रात्री स्वप्नात छपरं दिसायची. भावानं सांगितलं रोज एक तासाच्या वर बसू नकोस आणि बातम्यांचे व्हिडिओ काम करताना लावू नकोस. ते ऐकलं, बरं वाटलं.

२५ एप्रिलला केनेथ नावाचं दुसरं वादळ त्याच देशाच्या उत्तरेला, काबो डेल्गाडोत धडकलं. यावेळी नवे चौकोन उघडले तेव्हा मला माहीत होतं काय करायचं. पहिल्या संध्याकाळी दोनच चौकोन केले, सावली बघून, पायवाट बघून, आणि दोन्ही परत न येता हिरवे झाले.

काल, १२ मेला, बऱ्याच दिवसांनी बुझीचा बुकमार्क उघडला. त्या मोठ्या झाडाशेजारी एक नवा बिंदू आलाय, वस्तीचा, आणि त्याला नाव आहे. टाकणाऱ्याचं प्रोफाइल पोर्तुगीजमध्ये, माहिती कुठून मिळाली त्या रकान्यात त्यानं स्थानिक माहिती असं लिहिलंय. एडिटमध्ये आणखी खाली गेले तर माझ्या पाच गोलांपैकी दोन त्यानं पुसलेत. तीन ठेवलेत.